ओलीचे झाड

दिवाळी अंकात बागेविषयी लिहायचे म्हणजे झेंडूविषयी लिहायचे, असा एक अलिखित संकेत आहे. दाराला तोरण झेंडूचे, देवाला हार झेंडूचा, वहीपूजनाला पाकळ्याही झेंडूच्याच. अशा वेळी झेंडूला बाजूला सारून दुसऱ्या फुलाला मान देणे म्हणजे नवरदेवाला मांडवात उभा ठेवून करवल्याला पाटावर बसवण्यासारखे आहे. पण यंदा मी ते धाडस करणार आहे, आणि त्याला कारण झाले आहे लातूरहून आलेले एक पत्र.

पत्र एका गृहिणीचे आहे. त्या लिहितात : 'आमच्या सासूबाईंनी मागच्या अंगणात मोरीजवळ सोनटक्का लावला होता. श्रावणापासून नवरात्रापर्यंत दिवेलागणीला घरभर त्याचा वास असायचा. २०१६ च्या उन्हाळ्यात टँकरमागे घागरी घेऊन धावताना झाडांकडे कोण बघणार? गेला तो. आता घरात नवी सून आली आहे. तिच्या माहेरी सोनटक्का होता आणि तिला तो इथेही हवा आहे. मला मात्र धीर होत नाही. ज्या गावाला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे पाण्याचे झाड लावणे हा माज नव्हे का?'

प्रश्न बागेचा आहे, पण त्याच्या पोटात नीतीचा प्रश्न आहे. तेव्हा 'खड्डा इतका खोल घ्या आणि शेणखत इतके घाला' असे सांगून तो सुटणार नाही. मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी १२ एप्रिल २०१६ रोजी लातूरला पोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे एकूण ५ लाख लिटर पाणी. पुढे वाघिणी वाढून पन्नास झाल्या. त्या उन्हाळ्यात ज्यांनी आंघोळीचे पाणी तांब्याने मोजले, त्यांच्या हाताला झाडाला पाणी घालताना आजही कंप सुटत असेल, तर त्यात नवल ते काय?

तरीही माझे उत्तर असे आहे की, बाईंनी सोनटक्का लावावा. मात्र त्याला नळाचे एक तांब्याभरही ताजे पाणी घालू नये. ही अट पाळून तो कसा जगतो, हेच आज सांगायचे आहे.

मी पडलो मराठीचा मास्तर, त्यामुळे आधी शब्द तपासतो. 'पाण्याचे झाड' असे बाईंनी लिहिले आहे. पण आपल्या भाषेत 'पाणी' आणि 'ओल' हे दोन निराळे शब्द आहेत, आणि शेतकऱ्याला त्यांतला फरक पक्का ठाऊक असतो. पाणी वाहते, साचते, उडून जाते. ओल राहते. पेरणीला शेतकरी पाऊस किती पडला हे विचारतोच, पण शेवटी मातीत हात घालून पाहतो तो ओल कुठवर गेली ते. कमळ हे पाण्याचे झाड आहे, सोनटक्का हे ओलीचे झाड आहे. त्याला तळे नको, पाट नको. मुळाशी माती कधी कडक कोरडी होऊ नये, एवढीच त्याची मागणी असते. बादलीभर पाणी आठवड्यातून एकदा ओतण्यापेक्षा रोज दोन तांबे मिळाले तर तो अधिक खूश राहतो.

आता ज्यांनी हे झाड पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. सोनटक्का हा आल्याच्या कुळातला. हळद, आले, वेलदोडा ही सारी त्याची भावंडे. जमिनीखाली आल्यासारखाच आडवा पसरणारा कंद, त्यातून वर येणारे पुरुषभर उंचीचे सरळ दांडे, दोन्ही बाजूंना भाल्याच्या पात्यासारखी लांब पाने. दांड्याच्या शेंड्याला हिरव्या खवल्यांचा एक घट्ट कोंब येतो आणि त्या खवल्यांतून रोज थोडी थोडी पांढरीशुभ्र फुले बाहेर पडतात. फूल उमलते संध्याकाळी. त्याची नळी इतकी लांब की तळचा मध साध्या माशीच्या हाती लागत नाही. तो राखून ठेवलेला असतो अंधार पडल्यावर येणाऱ्या लांब सोंडेच्या पतंगांसाठी. पांढरा रंग आणि दाट सुवास ही त्या रात्रीच्या पाहुण्यांना दिलेली निमंत्रणे आहेत. आपण मधल्या मध्ये ती वेणीत माळतो.

नावाची एक गंमत आहे. युरोपीय शास्त्राच्या वहीत या झाडाची नोंद केली योहान कोनिग या वैद्याने, १७८३ साली. हा लिनियसचा शिष्य, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत येऊन राहिला होता. त्याने नाव ठेवले 'हेडिकियम कोरोनारियम'. पहिल्या शब्दाचा ग्रीक अर्थ 'गोड हिम', आणि दुसऱ्याचा रोख हारा-मुकुटांकडे. फूल तेच, पण थंड देशाच्या माणसाला त्यात बर्फ दिसला आणि मराठी माणसाने त्याच्या नावात सोने घातले. रंग चांदीचा आणि नाव सोन्याचे! हिंदी मुलखात यालाच गुलबकावली म्हणतात. आंधळ्या राजाला दृष्टी देणाऱ्या फुलाची ती दास्तान निहालचंद लाहोरी यांनी १८०३ साली फोर्ट विल्यम कॉलेजसाठी उर्दूत लिहिली, आणि १९२४ साली कोहिनूर कंपनीने तिचा मूकपट काढला.

असे हे झाड मूळचे पूर्व हिमालयाच्या पायथ्याचे आणि त्यापलीकडच्या दक्षिण चीनचे. कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटांत ओढ्याकाठी ते आपसूक वाढलेले दिसते. मग मराठवाड्यात त्याने काय म्हणून यावे? याचे उत्तर मला माहूरच्या डोंगराने दिले.

नांदेड जिल्ह्यात पाऊस सर्वांत जास्त पडतो तो किनवट-माहूरकडे. पण डोंगरावर पडलेला पाऊस डोंगरावर थांबत नाही. तो ओढ्या-नाल्यांनी खाली पैनगंगेकडे धावतो आणि चैत्र-वैशाखात पारा चाळीस-बेचाळीसच्या वर गेला की गडाभोवतीचे सागवान निष्पर्ण उभे राहते. रेणुकादेवीच्या दर्शनाला उन्हाळ्यात आलेल्या माणसाला वाटावे, या जंगलात आता काही जिवंत उरले नाही. तोच माणूस नवरात्रात आला तर डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाही, इतके सारे हिरवे झालेले असते. ती कळलावी, ती मुसळी उन्हाळ्यात कुठे असते? जमिनीखाली, आपापल्या कंदात निजलेली. (कळलावीचा कंद जहरी असतो. मुलाबाळांच्या घरात तिच्या वाटेस जाऊ नये, हे जाता जाता सांगून ठेवतो.) पाणी असेल तेव्हा भराभर वाढावे, नसेल तेव्हा शिदोरी घेऊन जमिनीखाली पडून राहावे, हा कोरड्या मुलखातल्या कंदांचा धर्म आहे. सोनटक्काही कंदाचेच झाड आहे. त्याची झोप कळलावीइतकी गाढ नसते, निजेतही त्याला उशाशी थोडी ओल लागते, इतकाच फरक.

आणि कंद सांभाळणे आपल्याला कुणी शिकवावे? वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली-नांदेडच्या शेतकऱ्याच्या घरी हळदीचे बेणे सावलीत ढीग करून, पाल्याने झाकून, उन्हाळाभर जपतात. ज्या हातांना हळद जमते त्यांना तिचा हा पांढरा भाऊ अवघड जाऊ नये.

आता पाण्याचा हिशेब. चार माणसांच्या घरात तांदूळ, डाळ, भाज्या आणि फळे धुण्यातच रोज आठ-दहा लिटर पाणी सहज जाते. मी आमच्या घरी मोरीत एक बादली ठेवून आठवडाभर पाहिले. ती रोज अर्ध्याच्या वर भरत असे. सोनटक्क्याचे एक मध्यम बेट सावलीत असेल आणि त्याच्या बुडाशी पालापाचोळ्याचे जाड पांघरूण असेल, तर कडक उन्हाळ्यातही त्याचे भागायला रोज पाच-सहा लिटर पुरतात. म्हणजे ज्या पाण्याने एकदा तांदूळ धुऊन आपले काम केले, त्यालाच दुसऱ्यांदा कामाला लावायचे. आपल्या आज्या-पणज्या नेमके हेच करत आल्या. मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ, केळ आणि सोनटक्का ही जुन्या वाड्यांतली ठरलेली मंडळी होती. कुणी त्याला जलसंधारण वगैरे म्हणत नव्हते, पण मागच्या दारी डबके होत नसे आणि संध्याकाळी घर दरवळत असे.

आमच्या शेजारच्या मावशींनी तर हे सारे शास्त्र एका वाक्यात बसवले आहे. त्या म्हणतात, "सर, मी भांडे घासायलेय अन् हे झाड वाढायलंय, ह्याला अजून काय पाहिजे?"

पण मावशी राखेने भांडी घासतात, आणि शहरातली मोरी आता तशी राहिलेली नाही. म्हणून थोडे तारतम्य हवे. तांदूळ-डाळीचे धुवण, भाजी धुतलेले पाणी आणि भांडी विसळल्याचे शेवटचे पाणी चांगले. साबणाच्या पावडरीचे पहिले फेसाळ पाणी मात्र नको. त्यात सोडियमचे क्षार असतात आणि आपल्या काळ्या मातीशी त्यांचे जमत नाही. ते साचत गेले की माती चोपण होते, म्हणजे ओली असता चिकट आणि वाळली की दगड. खरकटे मिठाचे पाणीही नको. घरातल्या आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी क्षारांनी भारलेले असते. ते कधीमधी, दुसऱ्या पाण्यात मिसळूनच घालावे. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे क्षारविरहित असते. ते झाडांना खुशाल द्यावे. कूलरच्या टाकीच्या तळाशी उरलेले पाणी नेमके उलट, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात.

आता लागवडीचे वेळापत्रक आपल्या पंचांगाप्रमाणे सांगतो.

दिवाळी झाली की सोनटक्क्याचा बहर सरलेला असतो. ज्या दांड्याला एकदा फुले येऊन गेली त्याला पुन्हा येत नाहीत. असे दांडे जमिनीलगत कापून टाकावेत. पुष्कळजण माया म्हणून ते ठेवतात आणि मग पुढच्या वर्षी फुले कमी का, असे विचारतात. कंदातून नव्या दांड्याला जागा आणि उजेड मिळाला तरच तो जोमाने येतो. कापलेले दांडे व पाने फेकू नयेत. बारीक तुकडे करून त्याच बेटाच्या बुडाशी पसरावीत. मार्गशीर्ष-पौषात पाणी निम्म्यावर आणावे. थंडीत झाड वाढत नाही आणि निजलेल्या कंदाभोवती चिखल राहिला तर तो कुजतो. हळदीतल्या कंदकुजीसारखाच हा प्रकार.

माघ-फाल्गुनात बेट फार दाट झाले असेल तर उकरून वाटून घ्यावे. दोन-तीन वर्षांतून एकदा हे करावेच, नाहीतर मधले कंद म्हातारे होऊन फुलणे सोडतात. दोन-तीन जिवंत डोळे असलेला तुकडा घेतला की झाले. नव्या लागवडीला मात्र वैशाखाची अखेर ते ज्येष्ठ, म्हणजे पावसाच्या तोंडावरचा काळ, सर्वांत चांगला. जागा अशी निवडावी की सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी घराची किंवा झाडाची सावली पडेल. पश्चिमेच्या भिंतीलगत लावला तर मराठवाड्यातले ऊन त्याची पाने कडेने करपवून टाकते. माती काळी असेल तर तिच्यात कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे, म्हणजे उन्हाळ्यात भेगा पडून मुळे तुटणार नाहीत. कंद आडवा, डोळे वर करून, चार बोटे खोल ठेवावा. दोन कंदांत हातभर अंतर सोडावे.

आषाढात दांडे वर येतात. या दिवसांत महिन्यातून एकदा ओंजळभर निंबोळी पेंड आणि शेणखत द्यावे. नंतर श्रावण ते आश्विन मजेचे. घरात ठेवायला दांडा कापायचा तर संध्याकाळी, कोंबातून एक-दोन फुले डोकावू लागताच कापावा. पाण्यात ठेवला की पुढच्या कळ्याही उमलतात. सुटे फूल मात्र एका दिवसाचे सोबती. उन्हाळ्यात पानांवर फिकट ठिपके दिसले तर पानांच्या मागच्या बाजूला बारीक लाल कोळी आहेत का पाहावे. ते कोरड्या हवेत माजतात. पानांच्या मागे सकाळी पाण्याचा फवारा मारला की बहुधा आटोक्यात येतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. हातभर रुंद आणि तितकीच खोल कुंडी, पूर्वेची गॅलरी आणि घरातले धुवण एवढ्यावर सोनटक्का फुलतो. इतर कुंड्यांच्या बशीत पाणी साचले तर मुळे गुदमरतात, याला मात्र बशीतली थोडी ओल चालते. पण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यावर टपलेला असतो. तेव्हा बशीत जाडी वाळू भरून ठेवावी किंवा आठवड्यातून एकदा ती पुरती रिकामी करून घासावी आणि कोरडी करावी.

कंद आणायचा कुठून? रोपवाटिकेतून किंवा शेजारून. ओढ्याकाठचा उपटून मुळीच आणू नये. नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकला, ही गुलबकावली दलदलीच्या जागांत वाढते. तिच्या फुलांचा अर्क डोळ्यांचे औषध म्हणून विकला जातो आणि रानातली झाडे त्या मागणीपायी विरळ होत गेली आहेत. (दास्तानीतल्या राजाला गुण आला म्हणून आपण कोणताही अर्क डोळ्यांत घालू नये. डोळ्यांसाठी डोळ्यांचा डॉक्टर.) दुसरीकडे ब्राझील, हवाई बेटे, दक्षिण आफ्रिका येथे हाच सोनटक्का बागांतून निसटून ओढ्याकाठी असा माजला की तिथल्या मूळच्या झाडांना जागा उरली नाही. क्यूबाने तर परमुलखातून आलेल्या या फुलाला 'फुलपाखरू' असे लाडके नाव देऊन राष्ट्रीय फूल केले. एकाच कंदाची ही तीन नशिबे पाहिली की आपल्यासाठी नियम सोपा होतो : ओढ्यातून आणू नये आणि जास्तीचे कंद ओढ्यात टाकूही नयेत. पैनगंगेच्या काठावर जे आपले आपण वाढते आहे ते वाढू द्यावे. सोनटक्क्याची जागा मोरीपाशी.

राहिला बाईंच्या मनातला खरा धाक. पुन्हा २०१६ आले तर? मराठवाड्यात हा प्रश्न अशुभ म्हणून टाळता येत नाही, त्याची तयारीच ठेवावी लागते. अशा वर्षी धुवणही उरणार नाही, कारण तेच पाणी फरशी पुसायला आणि संडासात जाईल, आणि ते तसेच जावे. तेव्हा माघातच सारे दांडे कापावेत, कंद उकरावेत, माती झटकून त्यांतले चांगले चार-सहा निवडावेत आणि जुन्या माठात किंवा फुटक्या कुंडीत वाळूच्या थरांत पुरून घराच्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावेत. वाळूवर आठ-पंधरा दिवसांनी ओंजळभर पाणी शिंपडले की ओल टिकते. एवढ्यात ते बहुधा पावसापर्यंत निभावतात. सगळे नाही निभावले तरी एक-दोन निभावतात, आणि सोनटक्क्याचे बेट एकाच कंदापासून होते. ओंजळभर पाण्याने माणसांच्या तोंडचे पाणी तुटत नाही.

आणि समजा, तेही करता आले नाही. तरी सोनटक्का संपत नाही, कारण तो कधी एकाच घरी नसतो. गेल्या वर्षी तुम्ही ज्यांना कंद दिला होता त्यांच्याकडे तो असतो. आपल्याकडे हे झाड बीजाने क्वचितच वाढते, ते वाढते देण्याघेण्याने. तुमच्या सासूबाईंनीही तो कुणाकडून तरी आणला असेल आणि कुणाला तरी दिलाही असेल. एकदा आठवून पाहा. गल्लीत, आळीत, नात्यात एखाद्या मोरीपाशी त्यांच्याच हातचा सोनटक्का आजही उभा असण्याचा संभव आहे. सुनेला घेऊन त्या घरी जा. बाजारातून आणलेल्या कंदालाही फुले येतातच, पण ज्या कंदाला 'हा आमच्या आईंचा' असे म्हणता येते, त्याची गोडी निराळी.

दिवाळीत मात्र कंद मागू नका. आता तो बहरातून नुकता उतरला आहे, त्याला विसावा हवा आहे. फराळाला जाल तेव्हा फक्त शब्द घेऊन ठेवा. कंद वैशाखात मिळेल. आणि उद्यापासून मोरीत एक बादली ठेवा, म्हणजे तो घरी येईपर्यंत त्याच्या पाण्याची सवय घराला लागलेली असेल.